दिवसभर टिक मारून ऑडिट येतं का? सोलापूरच्या एका आर्टिकलच्या पत्राला उत्तर

आर्टिकल म्हणजे सीए होण्याआधी सीए ऑफिसात काम शिकणारी मुलगी. तिचं पत्र थोडक्यात असं आहे. "सर, मी सोलापूरची, पूर्व भागातली. सीए इंटर परीक्षेचे दोन्ही ग्रुप निघाले आणि आता एका सीए ऑफिसला आर्टिकलशिप चालू आहे. पहिले काही महिने नुसती व्हाउचिंग, बिल बघ टिक मार, बिल बघ टिक मार. मार्च एंडला एका टॉवेल कारखान्यात स्टॉक मोजायला पाठवलं. अर्धा माल मोजला आणि संध्याकाळ झाली, तर सिनियर म्हणाला राहिलेलं त्यांच्या यादीवरून भर आणि खाली सही कर, मी केली. तेव्हापासून झोप नीट नाही. माझे पप्पा अशाच कारखान्यात मागावर आहेत, तिथे गळ्यात आयकार्ड घालून फिरायला मला कसंतरीच झालं. पुण्यातल्या मैत्रिणी मोठ्या फर्ममध्ये आहेत, त्यांचं ऐकलं की वाटतं मी करालेय तरी काय. हे सोडून पुण्याला जाऊ का?"

अगं, तुझ्या पत्रात दोन वेगवेगळी दुखणी आहेत आणि तू ती एकत्र बांधलीयस. एक म्हणजे कंटाळा, दुसरं म्हणजे ती सही. कंटाळ्यावर इलाज आहे आणि त्यासाठी पुणे लागत नाही. सहीचं प्रकरण मात्र मला जास्त महत्त्वाचं वाटतं, त्यावर सविस्तर लिहितो, आधी कंटाळ्याचं बघू.

व्हाउचिंगमध्ये, म्हणजे हिशोबातली नोंद बिलाशी ताडून बघण्यात, तुला कोणी सांगितलंच नसणार की ती टिक म्हणजे नक्की कशाचं उत्तर. बऱ्याच ऑफिसात सांगत नाहीत, सिनियरला त्याच्या सिनियरने सांगितलेलं नसतं म्हणून. सूत खरेदीचं एक बिल घे. बिल क्लायंटच्याच नावावर आहे का, जीएसटी नंबर बरोबर आहे का, तारीख ह्याच वर्षातली आहे का, हे तू बघतेस, ठीक. पण माल खरंच आला का? त्यासाठी गेटचं इनवर्ड रजिस्टर बघावं लागतं, वजनकाट्याची पावती बघावी लागते. त्याच काउंटच्या (जाडीच्या) सुताचा मागच्या महिन्यात रेट काय होता आणि आत्ता अचानक एकाच पार्टीकडून इतका महाग का, हे बघावं लागतं. 'माग दुरुस्ती' म्हणून खर्चात टाकलेलं बिल उघडून बघितलं तर आत नवीन जेकार्ड (मागावर नक्षी विणायचं यंत्र) निघतं, ते खर्चात जात नाही, मालमत्तेत जातं आणि त्यावर घसारा बसतो. रोखीतला खर्च दिसला की एका दिवसात एका माणसाला १० हजाराच्या वर दिलेत का, हे बघायचं, कारण तसं असेल तर तो खर्च सहसा इन्कमटॅक्समध्ये मान्य होत नाही. कारखान्याच्या खात्यात मालकाच्या घरचा एसी सापडणं तर नेहमीचंच.

आणि एक गोष्ट करून बघ, ह्यानेच ऑडिट डोक्यात बसतं असं माझं ठाम मत आहे. तू आत्तापर्यंत टॅली ह्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधली एन्ट्री घेऊन बिल शोधत आलीयस. त्यातून कळतं काय, तर खोटी एन्ट्री आहे का. आता उलटं जा, गेटच्या रजिस्टरमधून पंधरा-वीस ओळी उचल आणि त्या टॅलीत सापडतात का बघ. त्यातून कळतं की काही लपवलंय का. दिशा बदलली की प्रश्नच बदलतो, आणि हे एकदा उमगलं की फायनलच्या ऑडिट पेपरमधलं ते असर्शन्स (प्रत्येक आकड्यामागचे दावे) नावाचं प्रकरण पाठ करावं लागत नाही.

आता स्टॉक.

तुझ्यासारख्या सोलापूरच्या आर्टिकलच्या हातात टेक्स्टाइलचा स्टॉक येतो ही मोठीच गोष्ट आहे, कारण इथला माल एका जागी कधीच नसतो. सुताच्या गोण्या गोडाऊनमध्ये, थोडं सूत रंगाईला बाहेर गेलेलं, ताण्याचं सूत गुंडाळलेले बीम मागावर चढलेले, अर्धे विणलेले टॉवेल, शिलाईला जॉब वर्कवर दिलेला माल, तयार माल डझनात नाहीतर किलोत, सेकंडचा (सदोष) माल वेगळा, वेस्ट वेगळं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात मालकालाही कधीकधी विचारल्याशिवाय सांगता येत नाही किती कुठे आहे. म्हणून मोजणी दोन्हीकडून करतात, यादीतली ओळ घेऊन जमिनीवरचा माल शोधायचा आणि जमिनीवरचा माल घेऊन यादीत ओळ शोधायची. बाहेर रंगाईला गेलेल्या मालाचं चलन (माल पाठवल्याचा कागद) बघायचं आणि ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून सरळ कन्फर्मेशन मागवायचं. ३१ मार्चचं शेवटचं डिलिव्हरी चलन नंबर लिहून घ्यायचं, म्हणजे त्याच्या पुढच्या नंबरचा माल विक्रीत पण धरला आणि स्टॉकमध्ये पण धरला असा डबल खेळ पकडता येतो. वेळ संपली तर दुसऱ्या दिवशी जायचं, नाहीतर नंतर मोजून मधली आवक-जावक वजा-बेरीज करून ३१ मार्चच्या आकड्याला पोचायचं. सगळा माल मोजायलाच हवा असं नाही, नमुना घेता येतो, पण नमुना ऑडिटरने निवडायचा, अंधार पडल्यामुळे जे राहिलं ते राहिलं ह्याला नमुना म्हणत नाहीत.

हे एवढं का? कारण स्टॉक हा असा आकडा आहे की तो हलवला की सगळंच हलतं. वर्ष बंद होताना स्टॉक जास्त धरला की नफा वाढतो, कमी धरला की घटतो. कॅश क्रेडिट लिमिटवर, म्हणजे स्टॉकच्या तारणावर बँक देते त्या कर्जावर, चालणाऱ्या धंद्यात बँकेला दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट जातं आणि त्यावर उचल ठरते, तिथे जास्त दाखवायचा मोह, इन्कमटॅक्सला कमी दाखवायचा मोह, आणि गोडाऊन तर एकच. सगळे करतात असं अजिबात म्हणत नाही, पण कंपन्यांच्या ऑडिटमध्ये ५ कोटींच्या वर वर्किंग कॅपिटल लिमिट असेल तर बँकेला दिलेली तिमाही स्टेटमेंट पुस्तकांशी जुळतात का हे ऑडिटरला रिपोर्टमध्ये लिहावं लागतं, कारो २०२० ह्या ऑडिट रिपोर्टबद्दलच्या सरकारी आदेशात तसं कलमच आहे. उगाच नाही घातलं ते.

इंग्लंडमध्ये १८९६ साली एक केस झाली, किंग्स्टन कॉटन मिलची, तुझ्या पुस्तकात असेलच. सूतगिरणीच्या मॅनेजरने वर्षानुवर्षं स्टॉक फुगवून दाखवला आणि ऑडिटरने त्याचं सर्टिफिकेट बघून आकडा घेतला. कोर्टाने ऑडिटरला सोडलं, ऑडिटर हा राखणीचा कुत्रा आहे, माग काढणारा नाही असं म्हणून. मुलं परीक्षेत तेवढं वाक्य लिहून येतात. पण तो काळ गेला. आज आपल्याकडे एसए ५०१ हे ऑडिटचं स्टँडर्ड सांगतं की स्टॉकची रक्कम मोठी असेल तर, अगदी अशक्य नसेल तोवर, ऑडिटरने मोजणीला हजर राहायचं, नुसतं मॅनेजमेंटने लिहून दिलं म्हणून चालत नाही. म्हणजे तू त्या संध्याकाळी जे केलंस ते १८९६ मध्ये खपलं असतं, आत्ता नाही. आणि सत्यम ही आयटी कंपनी आठव, ७ जानेवारी २००९ ला तिचे अध्यक्ष राजूंनी स्वतःच पत्र लिहून सांगितलं की बँकेत दाखवलेले ५ हजार कोटींच्या वरचे पैसे नाहीतच. बँक बॅलन्स ही तपासायला सगळ्यात सोपी गोष्ट, बँकेकडून सरळ कन्फर्मेशन मागवायचं. तरी वर्षानुवर्षं कागद फिरत राहिले.

मी तुला घाबरवत नाहीये. तू आर्टिकल आहेस, रिपोर्टवर सही तुझ्या ऑफिसच्या सरांची, म्हणजे सीएची, असते आणि जबाबदारी त्यांची. पण वर्किंग पेपरवर, म्हणजे मोजणीच्या त्या कागदावर, नाव तुझं आहे आणि सर त्या कागदावर भरोसा ठेवून सही करतात, त्यांना वाटतंय माल मोजलाय. म्हणून झोप लागत नाहीये ना, ती लागत नाही हे चांगलंच लक्षण आहे, ते मरू देऊ नकोस.

आता कर काय. तो कागद बाहेर काढ आणि जेवढं मोजलंस त्यावर तसं लिही, जे मोजलं नाही तिथे स्पष्ट लिही की मॅनेजमेंटच्या यादीवरून, प्रत्यक्ष मोजणी नाही. जुनं खोडू नकोस, फाडू नकोस, खाली आजची तारीख टाकून नोंद कर. आधी सिनियरला सांग की मी हे लिहितेय, मागून गेली असं वाटायला नको. मग सरांना दहा मिनिटं माग, शक्यतो सकाळी, टॅक्स ऑडिटच्या गर्दीत सप्टेंबरच्या शेवटी नको, तेव्हा कोणीच कोणाचं ऐकत नाही. तक्रारीच्या सुरात बोलू नकोस, सरळ सांग की सर एवढा माल मोजायचा राहिला होता, आता कसं करायचं. चांगला प्रिन्सिपल, म्हणजे आर्टिकल ज्याच्या हाताखाली शिकते तो सीए, असेल तर दुसऱ्या दिवशी कोणालातरी परत पाठवेल किंवा आवक-जावक लावून आकडा तपासेल, आणि तुझ्यावर त्याचा विश्वास वाढेल. माझ्या बघण्यातले बरेच सर असेच आहेत, त्यांना खरंच माहीत नसतं खाली काय चाललंय.

आणि सर म्हणाले की असंच चालतं, गप भर, आणि परत एकदा तसंच झालं, तर मग सोड. त्या कारणासाठी सोडलंस तर मी तुझ्या बाजूने आहे. ट्रान्सफरला प्रिन्सिपलची संमती आणि फॉर्म लागतात, आधी दुसरी जागा पक्की कर, भांडून बाहेर पडू नकोस, सोलापुरात आपल्या सीए इन्स्टिट्यूटची शाखा आहे तिथे जाऊन विचार. सोलापुरातच दुसरं ऑफिस मिळू शकतं, त्यासाठी हुतात्मा एक्सप्रेस पकडायलाच हवी असं नाही.

पुण्याचं खरं सांगू का. मोठ्या फर्ममध्ये ट्रेनिंग शिस्तीत असतं, कागद नीट ठेवायची सवय लागते, पुढे नोकरीत नावाचा उपयोग होतो, हे सगळं खरं. पण तिथे तुझ्या मैत्रिणीला एका मोठ्या कंपनीचा एकच भाग मिळालेला असू शकतो, फिक्स्ड अ‍ॅसेट म्हणजे महिनोन्महिने तेच. तू इथे एकाच क्लायंटचं सूत खरेदीपासून बॅलन्स शीटपर्यंत सगळं बघतेस, जीएसटी, टीडीएस, एखाद्या पतसंस्थेचं ऑडिट, जमलं तर साखर कारखान्याचं. आणि खर्चाचा हिशोब कर, इन्स्टिट्यूटने ठरवलेला किमान स्टायपेंड पुण्यातसुद्धा खोलीभाडं आणि मेस भागवेल एवढा नाही, घरून पैसे मागवावे लागतील. २०२३ पासून आर्टिकलशिप ३ वर्षांवरून २ वर्षांवर आलीय, त्यात सुट्ट्या एकूण २४ दिवस, म्हणजे ऑफिस बदलण्यात दोन-तीन महिने घालवणं आता पूर्वीपेक्षा महाग पडतं. मोठ्या कंपनीचा अनुभव हवाच असेल तर शेवटच्या वर्षात इंडस्ट्रियल ट्रेनिंगचा, म्हणजे कंपनीतच काम शिकण्याचा, पर्याय आहे, ९ ते १२ महिन्यांचा, त्याची चौकशी आत्तापासून कर.

तोवर रविवारी एक काम कर. बालाजी अमाईन्स आणि प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ह्या दोन्ही सोलापूरच्याच लिस्टेड कंपन्या, त्यांचे वार्षिक अहवाल फुकट डाउनलोड होतात. त्यातला ऑडिट रिपोर्ट वाच, त्यात 'की ऑडिट मॅटर्स' (ऑडिटमधल्या कळीच्या बाबी) असा भाग असतो, ऑडिटरला त्या वर्षी सगळ्यात जास्त लक्ष कशाला द्यावं लागलं आणि त्याने काय तपासलं ते तिथे लिहिलेलं असतं. मोठ्या फर्मची मुलं जे शिकतात त्यातलं बरंचसं तिथे उघडं पडलेलं आहे.

राहिलं पप्पांचं. तुला कसंतरी झालं ते मी समजू शकतो, पण जरा वेगळं बघ. त्या कारखान्यात तुझा सिनियर वीस काउंट आणि चाळीस काउंटच्या सुताच्या कोनांत फरक ओळखू शकतो का? तुझे पप्पा हात लावून सांगतील. एक बीम किती दिवस चालतो, शंभर किलो सुतातून किती किलो टॉवेल निघायला हवेत, वेस्ट किती जाणं रास्त आणि किती सांगितलं की शंका घ्यायची, हे अभ्यासाच्या कुठल्याही मॉड्यूलमध्ये नाहीये. क्लायंटने वेस्ट जास्त दाखवलंय की माल बिलाशिवाय बाहेर गेलाय हे ओळखायला हेच प्रमाण लागतं. आणि तू पूर्व भागातली, तिथे बरेच विणकर तेलुगू बोलणारे, तुझ्या घरी तेलुगू बोलत असतील तर गोडाऊनच्या माणसाशी तेलुगूत बोल, माल कुठे ठेवलाय आणि कधीपासून पडून आहे हे तो मॅनेजरच्या आधी सांगेल. फक्त एक सांभाळ, पप्पा जिथे स्वतः कामाला आहेत त्या कारखान्याचं ऑडिट तुमच्या ऑफिसकडे आलं तर सरांना आधीच सांगून टाक आणि ते काम घेऊ नकोस, आणि क्लायंटचे आकडे घरी बोलायचे नाहीत, पप्पांना विचारायचं ते धंद्यातलं सर्वसाधारण.

आज रात्री जेवताना त्यांना वेस्टचं विचार आणि लिहून घे. सरांशी बोलणं झालं की मला परत लिही, ते काय म्हणाले त्यावर ट्रान्सफरचं ठरवू.