रस्त्यालगतच्या झाडांना धूर-धुळीचा खरंच त्रास होतो का? पानं धुतली तर उपयोग होतो का?

हो, त्रास होतो, आणि पानं धुतल्याने धुळीपुरता तरी नक्की फायदा होतो. धुळीचा थर प्रकाश अडवतो, पर्णरंध्रं (पानावरची सूक्ष्म छिद्रं) बुजवतो आणि उन्हात पान जास्त तापतं; त्यामुळे अन्न तयार करणं मंदावतं. वायूंचं मात्र वेगळं आहे. धुरातल्या वायूंपासून उन्हात तयार होणारा ओझोन पर्णरंध्रांतून थेट आत शिरून पेशींना इजा करतो, तिथे धुण्याचा उपयोग नाही. त्याची खूण म्हणजे जुन्या पानांच्या वरच्या बाजूला, शिरांच्या मधल्या भागात पडणारे बारीक तपकिरी किंवा पांढुरके ठिपके. तंबाखूचा ‘बेल-डब्ल्यू३’ हा वाण तर इतका नाजूक आहे, की ओझोनचा अंदाज घेण्यासाठी तो मुद्दाम लावतात. आणि हा ओझोन भर रहदारीपेक्षा शहराबाहेर अनेकदा जास्त असतो, कारण गाड्यांच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड त्याला तिथल्या तिथे संपवतो. पण प्रत्येक ठिपका प्रदूषणाचा नसतो. लाल कोळी नावाची बारीक कीडही असेच ठिपके पाडते, म्हणून आधी पान उलटून बघा. बारीक जाळी किंवा हलणारे कण दिसले तर ती कीड आहे.