उशिरा पेरलेलं सोयाबीन लवकर फुलावर का येतं?

एका शेतकरी बंधूंनी विचारलं आहे : "पेरणी महिनाभर लांबली. झाड गुडघ्याला लागायच्या आतच फुलावर आलं. वाढीसाठी काय फवारू?" दुसऱ्यांची तक्रार उलटी आहे : रात्रभर जळणाऱ्या दिव्याजवळच्या शेवंतीच्या ओळी हिरव्यागार, पण कळी नाही, आतल्या ओळी मात्र कळ्यांनी भरल्या आहेत.

दोन्हींचं कारण एकच आहे आणि ते खतात नाही. सोयाबीन आणि शेवंती रात्र पुरेशी लांबली की फुलावर येतात, आणि रात्रीची ही लांबी पानं मोजतात. सोयाबीनमध्ये 'ई१' नावाचं जनुक ब्रेकचं काम करतं. दिवस मोठा असेपर्यंत ते फुलोरा रोखून धरतं. दिवस लहान झाला की ते मंदावतं, मग पानात फुलण्याचा निरोप नेणारी 'एफटी' गटातली प्रथिनं तयार होतात, अन्नरसाबरोबर शेंड्याला पोचतात आणि पानांच्या जागी कळ्या धरू लागतात. उशिरा पेरलेल्या झाडाला वाढायला वेळ मिळायच्या आतच हा निरोप येतो. अमेरिकन शास्त्रज्ञ गार्नर आणि अलार्ड यांनी 1920 साली हेच दाखवलं : 'बिलॉक्सी' वाणाचं सोयाबीन वेगवेगळ्या तारखांना पेरलं, तरी फुलं जवळपास एकाच सुमारास आली.

म्हणून फवारणीवर पैसे घालू नका. शेंडा फुलाकडे वळला की तो टॉनिकने मागे फिरत नाही. आता फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना पाण्याचा ताण पडू देऊ नका, उत्पादन तिथेच वाचेल. पुढे कधी पेरणी लांबलीच, तर ओळींतलं अंतर कमी करून झाडांची संख्या वाढवा. लहान झाडांची भरपाई काही प्रमाणात होते.

शेवंतीसाठी दिवा बंद करा, नाहीतर उजेड पिकावर पडणार नाही असा आडोसा करा. मध्यरात्री थोडा वेळ पडलेला उजेडही लांब रात्र मोडतो. फुलं लांबवायची असतील तेव्हा बागायतदार मुद्दाम हेच करतात. अंधार मिळाला तरी कळी लगेच दिसणार नाही, काही आठवडे थांबावं लागेल.

बियाणं घेताना एक गोष्ट विचाराच. पिशवीवरचे पक्वतेचे दिवस वेळेवरच्या पेरणीचे असतात. 'जे' जनुकाचा बदललेला प्रकार असलेली वाणं लहान दिवसातही लवकर फुलत नाहीत, त्यांची वाढ आधी पुरी होते. उशिराच्या पेरणीला तुमच्या भागात कोणतं वाण टिकतं, हे बियाणं घेण्याआधीच चौकशी करून ठरवा.