बहीण जेवण टाळतेय, हे डाएट आहे की आजार, कसं ओळखायचं?

डाएट करणारा घास कमी खातो पण ताटाला घाबरत नाही, आधी हा फरक बघा. माझ्या मामेबहिणीला ईटिंग डिसऑर्डर, म्हणजे खाण्याशी जोडलेला मानसिक आजार होता, आम्हाला वर्षभर कळलंच नाही. आम्ही सोलापूरचे, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी म्हणजे जीव की प्राण, आणि ही काय करायची तर भाकरीचे बारीक बारीक तुकडे करून ताटभर पसरवायची, बघणाऱ्याला वाटायचं जेवली, आणि उठली की लगेच बाथरूममध्ये, नळ चालू सोडून. एप्रिलात बाहेर ४२ डिग्री आणि ही चादर पांघरून बसायची! आम्ही म्हणायचो रक्त कमी असेल.

मुद्दाम उलट्या काढणाऱ्यांच्या बोटांच्या मागे दात लागून घट्टे पडतात, गाल सुजल्यासारखे दिसतात. पाळी थांबणं, केस गळणं, सारखं वजन करणं, लग्नाच्या पंगतीला काहीतरी कारण काढणं, हेही बघा. आणि वजन नॉर्मल दिसलं म्हणून सोडून देऊ नका, मुलग्यांनाही होतो हा आजार.

"खा की गं" किंवा "किती वाळलीस" असं चारचौघांत अजिबात म्हणू नका. एकटी असताना बोला, "जेवायला बसलं की तू टेन्शनमध्ये दिसतेस, मला काळजी वाटते." चिडेल, तरी परत बोला. मग डॉक्टर आणि सायकियाट्रिस्ट दोघांनाही दाखवा, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फ्री आहे, मराठीत बोलता येतं. चक्कर किंवा छातीत धडधड असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या, सारख्या उलट्यांनी पोटॅशियम कमी होऊन हृदयाला धोका असतो.