मध्ये बोलू नकोस

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज ऐकला आणि रात्रभर डोळा लागला नाही, म्हणून लिहिते आहे. इतक्या वर्षांनी बाबा आपणहून कारगिल युद्धातलं, द्रासचं बोलायला बसले, आणि तू मोबाइल उघडलास. "बाबा, तोलोलिंग 13 जूनला घेतलं, टायगर हिल 4 जुलैला. तुम्ही दोन्ही एकत्र करताय." ते "बरं" म्हणाले आणि पाण्याची मोटर बंद करायला उठले. आता विचारतेस, परत बोलतं कसं करू?

बोलतं करायला जाऊच नकोस. फक्त मध्ये बोलू नकोस.

माझे आप्पा जंगी पलटणीतले, म्हणजे पहिली मराठा. 1971 च्या बांगलादेश युद्धात तिकडे जमालपूरला होते. पलटण जुनी ब्रह्मपुत्रा ओलांडून शहराच्या मागं गेली आणि टांगाईलकडे जाणारा रस्ता अडवून बसली. आत पाकिस्तानची 31 बलुच पलटण. 9 डिसेंबरला त्यांना शरण या म्हणून चिठ्ठी धाडली, तर उत्तराच्या कागदात गुंडाळून बंदुकीची गोळी आली. दहाच्या रात्री ते वेढा फोडायला निघाले ते थेट मराठ्यांच्या अंगावर. हे सगळं मी वाचलेलं. आप्पांनी सांगितलेलं यात काही नाही.

घरात तीस वर्षं त्यांनी अक्षर काढलं नव्हतं. एकदा शेंगा फोडता फोडता म्हणाले, "नऊ तारखेच्या रात्री आमचा एक गडी..." मी इतिहासाची शिक्षिका. म्हटलं, "नऊ नाही आप्पा, दहा. लढाई दहाच्या रात्री झाली." त्यांनी हातातली शेंग न फोडताच सुपात टाकली. "असेल," म्हणाले.

अगं, चुका दुरुस्त करण्याचाच मला पगार मिळत होता! आणि तीस वर्षं तोंड शिवून बसणाऱ्याचं काहीच चुकत नाही का? रात्री ते ओरडत उठायचे, आई नुसती पाण्याचा तांब्या घेऊन बसून राहायची. तिनं कोणाला विचारायचं होतं? जाऊ दे. बोलले मीच.

म्हणून पुन्हा सांगते, मध्ये बोलू नकोस. रेकॉर्डिंग लावू का म्हणून विचारू नकोस. "भीती वाटली का?" हे तर चुकूनही नको. टीव्ही मोठा लावतात म्हणून चिडतेस ना? बोफोर्स तोफेपाशी उभ्या राहिलेल्या माणसाचे कान आहेत ते. ज्या कानानं ऐकू येतं त्या बाजूला बस. मोटर बंद करायला उठले तर मागोमाग जा आणि तिथंच उभी राहा. होऊ देत तोलोलिंग आणि टायगर हिल एकाच रात्री. तुझं काय बिघडतंय?

आप्पा त्यानंतर आठ वर्षं होते. त्या गड्याचं काय झालं, मी आडून आडून किती वेळा विचारलं. दर वेळी म्हणायचे, "दहाच. तुझंच बरोबर."

तुझी,
मावशी