गोळा सारखाच, मग एकत्र सराव कशासाठी?

प्रश्न : नाटो देशांच्या बहुतेक तोफा १५५ मिलिमीटर व्यासाच्याच असतात. मग त्यांच्या तोफखान्यांना दूरदूरहून एका मैदानावर आणून एकत्र सराव करण्याची गरज काय?

उत्तर : व्यास सारखा असला म्हणून तोफा सारख्या ठरत नाहीत. जर्मनीच्या ‘पान्झरहाउबित्झे २०००’ची नळी ५२ कॅलिबरची, म्हणजे व्यासाच्या ५२ पट, आठ मीटरांहून किंचित लांब आहे, तर अमेरिकेच्या एम-७७७ची ३९ कॅलिबरची, म्हणजे सुमारे सहा मीटर. त्यामुळे तोच गोळा दोन नळ्यांतून वेगवेगळ्या वेगाने सुटतो. नळीची झीज, दारूचे तापमान आणि वरच्या थरांतला वारा यांचा हिशेब त्यात आणखी मिळवावा लागतो.

मला मात्र या सरावाचा गाभा तोफेपेक्षा संदेशात दिसतो. टेकडीवरचा निरीक्षक एका देशाचा आणि तोफ दुसऱ्या देशाची असते. त्याने सांगितलेले लक्ष्याचे स्थान तोफेपर्यंत जसेच्या तसे पोचले पाहिजे. मात्र प्रत्येक सैन्याची अग्निनियंत्रण प्रणाली, म्हणजे माऱ्याचा हिशेब करून तोफांना आदेश देणारी संगणकीय व्यवस्था, निराळी आहे. जर्मनीची ‘आडलर’, फ्रान्सची ‘अटलास’. त्यांना एकमेकींशी बोलते करणारा ‘ॲस्का’ हा संगणकीय दुवा ‘डायनॅमिक फ्रंट’ या अमेरिकेच्या नेतृत्वाखालील सरावात कसून तपासला जातो.

आकड्यांचा घोळ किती महाग पडू शकतो, ते कोनाच्या मापावरून कळेल. नाटोत पूर्ण वर्तुळाचे ६४०० भाग, म्हणजे मिल, मानतात, तर सोव्हिएत पद्धतीत ६०००. पोलंडसारखे देश सोव्हिएत तोफांवर वाढून नंतर नाटोत आले, म्हणून हा फरक निव्वळ पुस्तकी नाही. ‘१६००’ म्हणजे पहिल्या पद्धतीत काटकोन. तोच आकडा दुसऱ्या पद्धतीच्या मापकावर लावला, तर ९६ अंश होतात आणि २० किलोमीटरवर गोळा दोन किलोमीटरांहून अधिक बाजूला जातो.

चूक होण्यासाठी दोन देश लागतात असेही नाही. बव्हेरियातील ग्राफेनवोअरच्या सरावक्षेत्रात २ सप्टेंबर १९६० रोजी आठ इंची तोफेत प्रमाणाबाहेर दारू भरली गेली. गोळा लक्ष्य ओलांडून तंबूंवर पडला आणि १६ अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. एकाच सैन्यात, एकाच भाषेत हे घडले. तिथे अनेक भाषांची पथके शेजारी उभी असताना दिशा, उंची आणि दारूचे प्रमाण दुसऱ्या माणसाने स्वतंत्रपणे ताडून पाहिल्याखेरीज तोफ डागू देता येत नाही, आणि ही सवय एकत्र सराव केल्यानेच अंगी मुरते.