सव्वा महिना झाला, आता उठू का?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी २७ वर्षांची. पहिलंच बाळंतपण, सिझेरियन झालं, त्याला उद्या सात आठवडे होतील. सध्या माहेरी, बेळगावात वडगावला आहे. सोप्यात बाबांचे दोन माग, आतल्या खोलीत मी आणि बाळ. आई आणि आजी बाजेवरून उठू देत नाहीत. ‘बाणंतीनं वारं घेऊ नये, गप पडून ऱ्हा की,’ हे दिवसातून दहादा ऐकते. पोट सुटलंय, पट्टा बांधते. शिंक आली की लघवीचा थेंब जातो, हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. दसऱ्यानंतर सासरी, खानापूर तालुक्यात जायचंय. तिथं विहिरीचं पाणी ओढावं लागतं. व्यायाम कसला आणि कधी सुरू करू? की घरकाम हाच व्यायाम?
– एक वाचक, वडगाव

उत्तर : माझी भाची तुझ्याच वयाची, म्हणून एकेरीवर येते.

थेंबाचं आधी बोलू. पंचवीस वर्षं फिजिओथेरपी करतेय. बायका कंबरदुखी सांगतात, गुडघा दाखवतात, चप्पल पायात घालतात आणि दारातून परत वळून ही गोष्ट सांगतात. मी तर तेवढंही केलं नाही. मुलगा झाला तेव्हा मीही पडूनच होते. कामावर परतले त्याच दिवशी गोवावेसला बस सुटताना दिसली, धावले, आणि साडी ओली. बसमध्ये जागा होती तरी टिळकवाडीपर्यंत उभी राहिले. शिकवते ते स्वतः करायला सुरुवात केली ती त्या रात्रीपासून.

ओटीपोटाच्या तळाला स्नायूंची झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय, सगळ्यांचा भार तिच्यावर. नऊ महिने तिनं बाळ पेललं, त्यामुळे सिझेरियन झालं तरी ती सैल पडतेच. कुशीवर झोप. चारचौघांत वारा सुटू नये म्हणून आवळून धरतो ना, तसं आवळ आणि ती ओढ पुढे लघवीच्या जागेपर्यंत आण. श्वास चालू ठेवायचा, मांड्या आणि नितंब सैल. पाच आकडे धर, पूर्ण सोड, पाच आकडे थांब. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. बाळाला पाजायला घेतलंस की सुरू करायचं, म्हणजे विसरत नाही. लघवी करताना मधेच थांबवून हा सराव करू नकोस. अर्नॉल्ड केगेल या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ साली हा व्यायाम मांडला, म्हणून त्याला केगेल म्हणतात. आजीला मात्र ‘योगातल्या मूळबंधासारखं काहीतरी’ असं सांग, वाद होणार नाही. तीन महिने नेमानं कर. तरी थेंब जातच राहिला तर दाखवायला जा.

पट्ट्यानं आधार वाटतो, पोट काही आत जात नाही. उताणी झोप, गुडघे मुडप, डोकं किंचित उचल आणि बेंबीपाशी मधोमध बोटं आडवी टेकव. दोनपेक्षा जास्त बोटं आत बुडाली तर पोटाचे दोन्ही स्नायू अजून फाकलेले आहेत. मग फिजिओथेरपिस्टला दाखव, आणि मोबाइलवर बघून पोट कमी करायला उताणं पडून उठायचे व्यायाम (सिट-अप्स) तर मुळीच करू नकोस.

चालायचं मात्र. आईला विचार, दवाखान्यात नर्सनं तुला एक-दोन दिवसांतच धरून चालवलं होतं की नाही? पडून राहिलं तर पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती असते, म्हणून चालवतात. सहा आठवड्यांची तपासणी राहिली असेल तर ती आधी करून घे. मग दहा मिनिटांपासून सुरू. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली बाळंतिणींसाठीही आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगितली आहेत. तिथं पोचायला दोन महिने लागले तरी चालतील. चालताना बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे. पाऊस असेल तर सोप्यापासून मागच्या दारापर्यंत फेऱ्या मार. परसात शेवाळ असतं, तिकडं जाऊ नकोस. आधी बाळाला पाजून घे, म्हणजे छाती जड राहत नाही. अशा चालण्यानं दूध आटत नाही, हेही आजीला सांग.

रक्तस्राव पुन्हा लालभडक सुरू झाला, टाक्यातून पू आला, ताप भरला, एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखायला लागली, धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर व्यायाम बंद आणि थेट दवाखाना.

आजीवर रागावू नकोस. तिच्या पिढीला आयुष्यात विश्रांती मिळाली ती बाळंतपणातच, म्हणून ती तुला भरभरून देतेय. डिंकाचे लाडू खा, शेक घे, कानाला फडकंही बांध. फडकं बांधून चालता येतं.

घरकामाचं विचारतेस, तर वाकून केर काढणं, बसून धुणं धुणं यानं दमायला होतं, सैल पडलेला स्नायू काही त्यानं आवळत नाही. आणि दहा लिटरची बादली म्हणजे दहा किलो, तुझ्या बाळाच्या दुपटीहून जड. सासरी गेल्यावर पहिले काही आठवडे पाणी नवऱ्यानं ओढायचं. हे त्याला आत्ताच फोनवर सांग, विहिरीवर गेल्यावर नको. पुढं तू ओढशील तेव्हा अर्धीच बादली. आधी खालून आवळायचं, मग श्वास सोडत ओढायचं.

राहिला खरा प्रश्न, जो तू विचारलाच नाहीस : तेवढा वेळ बाळ कुणाकडे? पावसापाण्याची लाइट गेली की माग थांबतो आणि बाबा रिकामे बसतात. बाळाला पाज, ढेकर काढ आणि त्यांच्या मांडीवर दे. मागाच्या तेलाचे हात आधी धुवायला लाव. तू चप्पल घाल आणि गल्लीच्या टोकापर्यंत जा. मधेच लाइट आली तरी पळत परत यायचं नाही.