संगणक-शंका: आळ रॅमवर, दोष भलतीकडे

या वेळच्या पत्रांत निम्म्याहून अधिक प्रश्न रॅमचे, म्हणजे मदरबोर्डावर पट्टीच्या रूपात बसणाऱ्या संगणकाच्या तात्पुरत्या मेमरीचे आहेत. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढले आहेत की पूर्वीसारखं ‘घाला नवीन पट्टी, बघू’ म्हणणं परवडत नाही. म्हणून निवडक प्रश्नांची उत्तरं जरा सविस्तर देत आहोत.

प्रश्न : चार वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेला पीसी आहे. जुलैपासून सकाळी पहिल्यांदा सुरू केला की पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही. तीन-चार वेळा बंद-चालू केल्यावर येतो आणि मग दिवसभर व्यवस्थित चालतो. दुकानदार म्हणतो, रॅम गेली. खरंच बदलावी का? (कुडाळ)

उत्तर : इतक्यात बदलू नका. जी पट्टी दिवसभर बिनतक्रार चालते, ती सहसा ‘गेलेली’ नसते. कोकणातल्या दमट हवेत पट्टीच्या कडेच्या सोनेरी संपर्कांवर आणि स्लॉटच्या पिनांवर मळ-ओलाव्याचा पातळ थर बसतो. थंड असताना त्यामुळे जोड नीट लागत नाही.

आधी एक चाचणी करा. मदरबोर्डावर बझर (बिघाड झाला की बीप वाजवणारा छोटा स्पीकर) नसेल तर छोटासा विकत आणून स्पीकरच्या पिनांवर लावा. वायर काढून सगळ्या पट्ट्या काढा, मग वायर लावून पीसी सुरू करा. ‘रॅमच नाही’ अशी बोंब मारत बझर वाजला, किंवा नव्या बोर्डावर ‘डीरॅम’ लिहिलेला दिवा लागून राहिला, तर प्रोसेसर आणि बोर्ड जिवंत आहेत. काहीच झालं नाही तर रॅमचा नाद सोडून एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आणि बोर्डाकडे वळा. चार वर्षांचा स्वस्त एसएमपीएसही सकाळच्या पहिल्या स्टार्टला असाच अडतो. कुणाचा तरी चांगला एसएमपीएस तासभर उसना आणून लावून बघितला की कळतं.

बझर वाजला असेल तर साफसफाई. भिंतीवरचं बटण बंद करा, वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा म्हणजे उरलेला विद्युतभार निघून जाईल. कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या धातूला हात लावून मग पट्टी काढा. रॅमला रबर मारणं हा आपल्याकडचा सर्वमान्य उपाय आहे आणि तो चालतोही, पण पांढऱ्या मऊ खोडरबराने, हलक्या हाताने, एकदाच. शाईचा निळा-करडा रबर खरखरीत असतो. सोन्याचा मुलामा अतिशय पातळ, तो खरवडला की खालचा धातू आणखी लवकर काळा पडतो. त्यापेक्षा ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल धागे न सुटणाऱ्या कापडावर घेऊन पुसणं केव्हाही बरं. पाच मिनिटं वाळू द्या. रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडला तर नवीच भानगड, म्हणून चुरा बोर्डापासून लांब झटका. स्लॉट कोरड्या मऊ ब्रशने झाडा. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचा ओलावा आत जातो. तेलकट स्प्रे तर नकोच.

परत बसवताना दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब द्या. स्वस्त बोर्डांवर एकाच टोकाला क्लिप असते. दुसरं टोक बसल्यासारखं वाटतं आणि अर्धा मिलिमीटर वर राहतं. डोळा पट्टीच्या पातळीला आणून बघा.

एवढ्यावरही सुधारणा नसेल तर एकच पट्टी लावून ती प्रत्येक स्लॉटमध्ये फिरवा, मग दुसरी. एक पट्टी सगळ्या स्लॉटमध्ये अडली तर दोष पट्टीचा. दोन्ही पट्ट्या एकाच स्लॉटमध्ये अडल्या तर स्लॉटचा. जाता जाता बोर्डावरचा सीआर२०३२ सेलही मोजा: नवा ३ व्होल्टच्या आसपास दाखवतो, २.७च्या खाली गेला असेल तर बदला. कॅबिनेटमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकण्याचा सल्ला फिरत असतो. चारी बाजूंनी हवा येणाऱ्या खोक्यात त्याचा उपयोग शून्य.

प्रश्न : एच६१ बोर्ड आणि इंटेलचा आय५-३४७० प्रोसेसर असा जुना सेट आहे. बाजारातून स्वस्तात ८ जीबी डीडीआर३ पट्टी आणली. माझ्याकडे डिस्प्लेच येत नाही, पण मित्राच्या एएमडी पीसीवर तीच पट्टी मस्त चालते. बायोसमध्ये काही बदलावं लागेल का? (पिंपरी)

उत्तर : बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) काहीही करून ही पट्टी तुमच्याकडे चालणार नाही. जेवढी शक्य असेल तेवढ्या लवकर परत करा.

बाजारात ‘फक्त एएमडीसाठी’ म्हणून, आणि पुष्कळदा काहीच न सांगता, एका वेगळ्या बांधणीची डीडीआर३ विकली जाते. नेहमीच्या ८ जीबी पट्टीवर ८ बिट रुंदीच्या १६ चिप असतात, आठ-आठच्या दोन रांगांत. या स्वस्त पट्टीवरही १६च चिप, पण प्रत्येक ४ बिटांची, म्हणून सगळ्या मिळून एकच रांग. ४ बिटांच्या चिप मुळात सर्व्हरच्या पट्ट्यांसाठी असतात. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरला त्या साध्या पट्टीवर ओळखता येत नाहीत, त्या काळातल्या एएमडीला येतात. दिसायला दोन्ही पट्ट्या जुळ्या बहिणी, त्यामुळे फसगत होते.

ओळखायचं चिपवरच्या नंबरवरून. सॅमसंगच्या चिपवर के४बी४जी०८ अशी सुरुवात असेल तर ८ बिट, घ्या. के४बी४जी०४ असेल तर ४ बिट, सोडा. हायनिक्सवर एच५टीक्यू४जी८३ चालेल, एच५टीक्यू४जी४३ नाही. लेबल खरं असेल तर त्यावर २आरएक्स८ (दोन रांगा, ८ बिट) हवं, १आरएक्स४ (एक रांग, ४ बिट) नको. चिपवरचे आकडे घासून पुसलेले असतील तर ती पट्टी कुठल्याच बोर्डासाठी घेऊ नका.

तुमच्या सेटची मर्यादाही सांगून ठेवतो: एच६१वर दोनच स्लॉट, एकेकात जास्तीत जास्त ८, एकूण १६ जीबी. १.३५ व्होल्टची डीडीआर३एल मिळाली तरी चालेल.

प्रश्न : रायझेन ५ ५६००जी प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड नाही, ८-८च्या दोन ३२०० पट्ट्या. विंडोज १६पैकी १३.९ जीबीच वापरण्याजोगी दाखवते आणि वेग २६६६. उरलेली २ जीबी आणि वेग कुठे गेला? (नांदेड)

उत्तर : २ जीबी तुमच्याच ग्राफिक्सने घेतली आहे. कार्ड नसलं की प्रोसेसरमधलं ग्राफिक्स मुख्य रॅममधूनच वाटा उचलतं. बायोसमध्ये यूएमए फ्रेम बफर साइज नावाची सेटिंग असते, तिथे हा वाटा ५१२ एमबीवर आणता येतो. ऑफिसचं काम असेल तर आणा. गेम खेळत असाल तर राहू द्या, काही गेम राखीव मेमरी कमी दिसली की सुरूच होत नाहीत.

वेगाची गोष्ट निराळी. पट्टीवर छापलेला ३२०० हा आकडा बहुतेकदा आपोआप मिळत नाही. एक्सएमपी (पट्टीला छापील वेगाने चालवणारी बायोसमधली सेटिंग) चालू केल्याशिवाय अशी पट्टी आपल्या सुरक्षित वेगाने, २१३३, २४०० किंवा २६६६ने, धावते. बोर्डाप्रमाणे या सेटिंगला एक्सएमपी, डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी म्हणतात. ती चालू केली की व्होल्टेज १.२वरून सहसा १.३५ होतं, ते ठरलेलंच आहे. नंतर सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये १६०० दिसलं तर दचकू नका, तो अर्धा आकडा दाखवतो.

आणि चार स्लॉटचा बोर्ड असेल तर पट्ट्या प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये आहेत ना, ते बघा. पहिल्या-दुसऱ्यात शेजारी-शेजारी लावल्या की दोन्ही एकाच चॅनलवर, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधल्या एकाच वाटेवर बसतात. ३२००ला एक चॅनल सेकंदाला २५.६ जीबी देतो, दोन मिळून ५१.२. तुमचं ग्राफिक्स याच वाटेवर जगतं, त्यामुळे कार्डवाल्या माणसाला जो फरक जाणवतही नाही, तो तुम्हाला गेममध्ये ढळढळीत दिसेल.

प्रश्न : आधीची ८ जीबी ३२०० पट्टी होती. दुसऱ्या कंपनीची तशीच पट्टी घेऊन एक्सएमपी चालू केलं. तेव्हापासून दिवसातून एकदा निळी स्क्रीन, कधी मेमरी मॅनेजमेंट, कधी आयआरक्यूएल अशी नावं. मोठ्या झिप फाइल उघडताना सीआरसी एरर येते. विंडोजची मेमरी चाचणी पास होते. म्हणजे रॅम चांगली ना? (म्हापसा)

उत्तर : नाही. विंडोजची चाचणी नापास झाली तर रॅममध्ये गडबड आहे हे नक्की, पण पास झाली तर काहीच सिद्ध होत नाही. निळ्या स्क्रीनचं नाव दर वेळी बदलणं आणि सीआरसी एरर, ही जोडी रॅमकडेच बोट दाखवते. झिप फाइलमध्ये मूळ मजकुराची बेरीज लिहून ठेवलेली असते. उलगडताना रॅममध्ये एक बिट जरी पालटलं तरी बेरीज जुळत नाही.

सगळ्यात आधी एक्सएमपी बंद करा. फोटो, हिशेब, मोठ्या फाइली यांची हलवाहलव निदान होईपर्यंत थांबवा. बिघडलेल्या रॅममधून गेलेली फाइल मुकाट्याने बिघडून डिस्कवर बसते आणि ते महिन्यांनी कळतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन) चालू असेल तर बायोसला हात लावण्यापूर्वी त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा.

मग मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून पीसी सुरू करा. मेमटेस्ट८६+साठी बायोसमधली सिक्युअर बूट ही सुरक्षा-सेटिंग बंद करावी लागू शकते. दोन्ही पट्ट्या लावून, एक्सएमपी बंद ठेवून, रात्रभर किमान चार फेऱ्या होऊ द्या. दोन-तीन एरर चालतात असं सांगणारे भेटतील. चालत नाहीत. एकही चालत नाही.

इथे एरर आली तर एकेक पट्टी वेगळी, त्याच स्लॉटमध्ये लावून तपासा. दोषी पट्टी सापडेल, ती वॉरंटीत द्या. वरचा स्टिकर किंवा पत्रा काढू नका, सीरियल नंबर त्यावरच असतो. जोडी म्हणून विकलेल्या पट्ट्या कंपनी बहुतेकदा जोडीनेच परत मागते.

एरर आली नाही, तर एक्सएमपी चालू करून पुन्हा तेच. आता आली, तर बहुधा दोन्ही पट्ट्या धडधाकट आहेत, त्यांचं आपसात जमत नाही, आणि तुमच्या बाबतीत आमचा कल याच शक्यतेकडे आहे. एक्सएमपी लावताना बोर्ड एका पट्टीची वेळापत्रकं (टायमिंग) दुसरीवर लादतो. लेबलवरचा आकडा सारखा असला तरी आतल्या चिप वेगळ्या असू शकतात. एकाच कंपनीचं एकच मॉडेल घेतलं तरीही, कारण वर्षभराने त्याच नावाखाली दुसऱ्या चिप येतात. वेग हाताने २९३३वर आणा, व्होल्टेज १.३५ राहिलंय याची खात्री करा, बायोसमधली कमांड रेट ही सेटिंग २टी करा. मग पुन्हा चार फेऱ्या. तरी अडलं तर २६६६. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या घरगुती पीसीत ३२०० आणि २९३३ मधला फरक घड्याळ लावून मोजावा लागेल इतका थोडा. व्होल्टेज १.४च्या वर नेऊन ३२००चा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

सगळं शांत झाल्यावर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून एसएफसी /स्कॅननाऊ (sfc /scannow) ही विंडोजच्या फाइली तपासणारी आज्ञा चालवा. बिघडलेल्या दिवसांत विंडोजचे अपडेट उतरले असतील तर त्याही फाइली खराब झालेल्या असू शकतात.

प्रश्न : रॅम ८ जीबी, २४० जीबीची एसएसडी. एसएसडी झिजू नये म्हणून पेजिंग फाइल बंद केली. आता ७० टक्केच रॅम भरलेली असताना ‘मेमरी कमी आहे’ म्हणून क्रोम आणि एक्सेल बंद पडतात. (सोलापूर)

उत्तर : पेजिंग फाइल (रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर वापरते ती जागा) चालू करा, प्रश्न संपला. कारण असं: प्रोग्राम वापरतात त्यापेक्षा जास्त मेमरी आगाऊ मागून ठेवतात आणि विंडोजला ती देण्याचा शब्द द्यावा लागतो. या शब्दाची मर्यादा म्हणजे रॅम अधिक पेजिंग फाइल. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर ‘कमिटेड’खाली ७.६/७.९ असं काहीतरी दिसत असेल. जागा रिकामी दिसते, पण ती आधीच कुणाला तरी कबूल केलेली आहे.

विंडोजच्या रन खिडकीत एसवायएसडीएम.सीपीएल (sysdm.cpl) टाइप करा, ॲडव्हान्स्ड, परफॉर्मन्स सेटिंग्ज, पुन्हा ॲडव्हान्स्ड, व्हर्च्युअल मेमरी. तिथे ‘सिस्टिम मॅनेज्ड’ निवडा. जागा फारच तंग असेल तर ४०९६ ते ८१९२ एमबी हाताने भरा. झिजण्याची भीती सोडा. ८० टेराबाइट लेखनाची हमी असलेली साधी एसएसडी धरली आणि रोज २० जीबी लिहिलं गेलं, तरी हिशेब दहा वर्षांपलीकडे जातो.

प्रश्न : प्रोसेसरचा कूलर बदलला आणि १६पैकी ८च जीबी दिसायला लागली. पट्ट्या अदलाबदल करूनही तेच. (नाशिक)

उत्तर : रॅमला हात लावू नका, कूलर बघा. एकाच चॅनलचे स्लॉट मेले की बहुधा प्रोसेसरच्या पिनांचा जोड तुटलेला असतो. इंटेलच्या सॉकेटवर (प्रोसेसर बसतो त्या जागेवर) कूलरचा एक कोपरा जास्त आवळला तरी हे होतं. चारही स्क्रू सैल करून समोरासमोरच्या कोपऱ्यांतून थोडे-थोडे आवळा. फरक पडला नाही तर प्रोसेसर उचला आणि टॉर्चचा तिरका उजेड टाकून वाकलेली पिन शोधा. एएमडीचं एएम४ सॉकेट असेल तर पिना प्रोसेसरच्याच खाली असतात आणि कूलर सरळ ओढल्यावर प्रोसेसरही सोबत उपटला जातो. पुढच्या वेळी पीसी दहा मिनिटं चालवून कूलरखालची पेस्ट मऊ झाल्यावर, बंद करून, कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत काढा.

प्रश्न : नवा एएम५ सेट, डीडीआर५ रॅम. पहिल्यांदा सुरू केला, पाच मिनिटं काळी स्क्रीन. घाबरून बंद केला. (नागपूर)

उत्तर : पुन्हा सुरू करा आणि या वेळी पंधरा मिनिटं थांबा. डीडीआर५ पहिल्या वेळी स्वतःचं गणित जुळवते, तेवढा वेळ पडद्यावर काहीच येत नाही. मध्येच बंद केलं की ते पहिल्यापासून सुरू होतं. सीएमओएस साफ केल्यावरही (बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर आणल्यावरही) पुन्हा एकदा एवढंच थांबावं लागेल. आणि पुढे रॅम वाढवण्याचा विचार असेल तर चार पट्ट्या भरू नका. रायझेन ७०००वर चार पट्ट्यांचा अधिकृत वेग ३६००वर येतो. दोनच मोठ्या घ्या.